जलविद्युत आणि पाण्याची वाटणी

(पेडगाव येथील वर्षावास कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांना वंदन करून आम्ही विषयाकडे वळतो. व्याख्यानापूर्वी चहा घेताना एका आजींनी आम्हांला विचारले, "वर्षावासात ग्रंथ वाचायचा असतो बाबा, आज हे विजेचं काय काढलं?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ग्रंथातच आहे. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण काय दिले आहे? म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिले म्हणून ते निघून गेले, ही कथा बाबासाहेबांना पटली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यामध्ये रोहिणी नदी वाहत होती. दोघांचीही शेती त्या पाण्यावर होती. आधी पाणी कोणी घ्यायचे आणि किती घ्यायचे यावरून भांडण पेटले, शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव आणला, आणि सिद्धार्थाने विरोध केला. आपण दोघे निवडू, कोलियांनी दोघे निवडावेत, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी तंटा मिटवावा, असे सिद्धार्थाचे म्हणणे होते. ते बहुमताने फेटाळले गेले, आणि पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. तेव्हा पाण्याच्या वाटणीचा प्रश्न आपल्या धम्मग्रंथाच्या पहिल्याच भागात आहे. वीज ही त्याच पाण्यातून निघणारी एक गोष्ट आहे, म्हणून ती आम्ही येथे आणली.

प्रथम विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित. मोठ्यांनी कंटाळा करू नये, कारण पुढचे सगळे बोलणे या गणितावर उभे आहे.

उंचावरचे पाणी खाली आले की त्यात जोर असतो. त्या जोराने चक्र फिरते, त्यालाच टर्बाइन म्हणतात. चक्राला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज तयार होते. कोळसा नाही, धूर नाही, राख नाही. आता जोर किती? एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर पाणी एक मीटर खाली आले की सुमारे ९,८०० ज्यूल ऊर्जा मिळते. आपल्या मीटरवर पडणारे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला तर उत्तर येते ३६७. म्हणजे ३६७ घनमीटर पाणी एक मीटर खाली सोडावे, तेव्हा एक युनिट वीज मिळेल, तीही काहीच वाया गेले नाही तर. पाणी तीस मीटर उंचीवरून पडते असे धरले, तर एका युनिटला सव्वाबारा घनमीटर लागेल. यंत्रातली घट धरली तर सुमारे चौदा, म्हणजे चौदा हजार लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा मोठा टँकर दहा-बारा हजार लिटरचा असतो. एका युनिट विजेसाठी एका टँकरपेक्षा जास्त पाणी!

हे ऐकून आताच काही भगिनींच्या कपाळावर आठ्या पडल्या, त्या आम्हांला दिसल्या. पण थांबा. ते पाणी विजेने पिऊन टाकले काय? नाही. जेवढे पाणी वरून आले तेवढेच चक्रातून खाली गेले, एक तांब्याही कमी झाला नाही. वीज पाणी खात नाही. मात्र पाणी केव्हा सुटणार आणि कोणीकडे जाणार, हे वीज ठरवू लागते. आजच्या आमच्या सांगण्याचे सार म्हणाल तर एवढेच आहे. जलविद्युत चांगली की वाईट, टिकाऊ की नासाडीची, हे नुसत्या यंत्राकडे पाहून कळत नाही. चक्रातून बाहेर पडलेले पाणी कोणाच्या शेतात आणि कोणाच्या घागरीत गेले, हे पाहावे लागते.

आपल्या जिल्ह्यात याचे उत्तम उदाहरण आहे. जिंतूरच्या पुढे पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. १९६० च्या दशकात ते पूर्ण झाले. मातीचे धरण, उंची ५१ मीटरच्या आसपास, आणि पायथ्याशी विद्युतगृह. त्यात साडेसात मेगावॅटचे तीन संच, मिळून साडेबावीस मेगावॅट. येथून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात साठते आणि तेथून कालव्यांनी हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या शेतीला जाते. ही दोन धरणांची जोडी फार शहाणपणाची आहे. विजेला पाणी हवे असते संध्याकाळी, सगळीकडे दिवे लागतात त्या वेळी. शेतीला हवे असते पाळीप्रमाणे, आवर्तन सुटेल तेव्हा. दोघांची वेळ जुळत नाही. पण खाली सिद्धेश्वर पाणी झेलायला असल्यामुळे येलदरीचे चक्र आपल्या वेळेला फिरू शकते आणि कालवा आपल्या वेळेला वाहू शकतो. एकाच पाण्याने आधी दिवा लागतो, मग गहू भिजतो. परभणी, जिंतूर, वसमत, हिंगोली या गावांच्या नळाचे पाणीही पूर्णेच्या याच धरणांशी बांधलेले आहे.

याच्या उलट कोयना पाहा. महाराष्ट्राची सर्वांत मोठी जलविद्युत योजना, सर्व टप्पे मिळून १,९५० मेगावॅटच्या वर. आपल्या येलदरीच्या सत्त्याऐंशी पट. तेथे सह्याद्रीच्या कड्यावरून पाणी पावणेपाचशे मीटर खाली पडते, म्हणून एका युनिटला एक हजार लिटरही पाणी लागत नाही. आमच्या गणिताने करून पाहा, जमेल. विजेच्या दृष्टीने सोन्यासारखी जागा. पण कोयना मुळात पूर्वेला वाहणारी, कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी नदी. कड्यावरून कोकणात उतरवलेले तिचे पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रात जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने असे पश्चिमेला वळवायचे पाणी ६७.५ टी.एम.सी. इतके ठरवून दिले आहे. सातारा-सांगलीच्या पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांच्या दृष्टीने ते पाणी गेलेच. आम्ही कोयनेला नावे ठेवत नाही. महाराष्ट्राचे कारखाने तिने चालवले. पण 'पाणी वाया जात नाही' हे जे आम्ही मघाशी म्हणालो, ते येलदरीला जितके खरे आहे तितके कोयनेला नाही, हे विद्यार्थ्यांनी वहीत वेगळे लिहून ठेवावे. कोयनेच्या नावाबरोबर ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही लिहावा. पावणेदोनशेच्या वर माणसे त्यात गेली, आणि मोठ्या जलाशयाच्या भाराने व झिरप्याने तेथील जमिनीतील ताण मोकळा झाला, असे शास्त्रज्ञ मानतात.

जगात आज तयार होणाऱ्या एकूण विजेचा सुमारे सातवा हिस्सा पाण्यापासून मिळतो. सूर्य, वारा यांचा बोलबाला वाढला तरी पुन्हा पुन्हा मिळणाऱ्या ऊर्जेत अजून एकट्या पाण्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. नॉर्वेसारखा देश तर जवळजवळ नऊ दशांश वीज पाण्यावर करतो. चीनमधील यांगत्से नदीवरचे थ्री गॉर्जेस धरण २२,५०० मेगावॅटचे. आपले येलदरी साडेबावीस, ते साडेबावीस हजार, बरोबर हजार पट! पण त्या धरणासाठी बारा लाखांहून अधिक माणसांना घरदार सोडावे लागले. आपल्या परभणी शहरासारखी काही शहरे उठवून नेल्यासारखे ते आहे.

आता बाबासाहेब. संविधान, महाड, नागपूर हे आपण दरवर्षी सांगतो. पण १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडेच होती, हे आपल्याच घरांतील मुलांना माहीत नसते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजपुरवठ्याविषयीच्या समितीपुढे त्यांनी भाषण केले. वीज भारताला कशासाठी हवी, असा प्रश्न त्यांनी स्वतःच घातला. उत्तराचा आशय असा, की गरिबीच्या फेऱ्यातून माणसे बाहेर काढायची तर कारखानदारी हवी, आणि कारखानदारी हवी तर वीज स्वस्त आणि मुबलक हवी. वीज श्रीमंतांच्या बंगल्यातील झुंबरासाठी नाही, हा त्याचा अर्थ.

१९४३ सालीच दामोदर नदीला मोठा पूर आला आणि कलकत्त्याकडचे रेल्वे व रस्ते तुटले. पुरावर उपाय म्हणून बांध घाला आणि पाणी लवकर समुद्राला लावा, ही जुनी पद्धत. बाबासाहेबांनी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना पुढे ठेवला. सगळे खोरे एक धरायचे, पाणी साठवायचे, त्यातूनच पूर आवरायचा, शेत भिजवायचे, वीज काढायची आणि होड्या चालवायच्या. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांच्या परिषदेत त्यांनी हेच आणखी ठासून मांडले. जास्त पाणी हे संकट मानू नका, माणसाचे खरे हाल पाण्याच्या टंचाईने होतात, असे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते. चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करणारा माणूस हे बोलत होता, हे लक्षात घ्या. केंद्रीय विद्युत मंडळ आणि केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग यांची उभारणी त्यांच्याच कारकिर्दीतील. आजचा केंद्रीय जल आयोग त्या आयोगापासूनच आला. पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले.

येथे आम्हांला एक अप्रिय गोष्ट सांगावी लागते. बाबासाहेबांचे गुणगान करून खाली बसलो तर टाळ्या मिळतील, पण ते बाबासाहेबांनाच आवडले नसते. त्याच विचारातून पुढे उभ्या राहिलेल्या महानदीवरील हिराकुडसारख्या धरणाने लाखाच्या घरात माणसे विस्थापित केली. विस्थापितांत सर्वांत मागे कोण राहिले? जमीन गेली त्याला मोबदला मिळाला, कमी मिळाला, उशिरा मिळाला, पण कागद तरी होता. ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, जो सालगडी होता, दुसऱ्याच्या रानात राबत होता किंवा गायरान कसून पोट भरत होता, त्याचे काय? गाव उठले की त्याचे कामही उठले, आणि मोबदल्याच्या यादीत त्याचे नाव नाही. ही माणसे कोणत्या वस्तीतील होती हे पेडगावच्या सभेत सांगण्याची गरज नाही.

पाण्यावरच्या विजेला विरोधही आपल्याच महाराष्ट्रात लवकर झाला. मुळशी येथे टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे नेते होते. सत्याग्रह हरला, धरण झाले. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात यायला १९७६ साल उजाडले. येलदरी, कोयना त्याआधीच झालेली. २००० साली जागतिक धरण आयोगाने अहवाल दिला. जगभरात धरणांमुळे चार ते आठ कोटी माणसे विस्थापित झाली असावीत, असा त्याचा अंदाज होता. आपल्या मेधाताई पाटकर त्या आयोगाच्या सदस्य होत्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्रथमच शेतमजूर, कूळ अशा बिनजमिनीच्या पण त्या जमिनीवर जगणाऱ्या कुटुंबांना बाधित मानले गेले. हे कलम विद्यार्थ्यांनी वाचून ठेवावे. तहसीलच्या पायऱ्यांवर त्याचा उपयोग होतो.

दिव्याची वाटणी कशी झाली तेही आम्ही पाहिले आहे. आमच्या लहानपणी गावात विजेचे खांब आले ते पाराशी येऊन थांबले. आमच्या वस्तीपर्यंत तार यायला बरीच वर्षे लागली, तोवर आम्ही चिमणीच्या उजेडात पाढे पाठ केले आणि नाकात काजळी घेऊन शाळेत गेलो. वीज तयार होणे आणि वीज पोहोचणे यांत जे अंतर असते ते किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

आता मराठवाड्याचा खरा प्रश्न, दुष्काळाचा. पाण्याची वीज दुष्काळात आधी बंद पडते, म्हणून कोळशाची वीज भरवशाची, असे म्हणतात. २०१५ च्या जुलैमध्ये शेजारच्या परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी पूर्ण बंद ठेवावे लागले. कोळशाच्या केंद्रालाही वाफेसाठी आणि यंत्र थंड ठेवण्यासाठी पाणी लागते, आणि ते पाणी वाफ होऊन उडून जाते, खालच्या शेताला मिळत नाही. पुढच्याच उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. आपल्या पेडगावच्या स्टेशनवर आपण मालगाड्या रोज पाहतो, पण पाण्याची गाडी ही गोष्ट आमच्या पिढीला नवीन होती. धरणात मृतसाठा उरलेला असताना टर्बाइन फिरवणे म्हणजे लेकराच्या तोंडचे पाणी तोडणे होय. म्हणून मराठवाड्यात क्रम पक्का असला पाहिजे: आधी पिण्याचे, मग शेतीचे, आणि शेतीला सोडताना वाटेत जी मिळेल ती वीज. असा क्रम धरला तर वीज कमी मिळेल, काही वर्षी मिळणारच नाही. आम्हांला ते चालेल.

वरच्यांचा आणि खालच्यांचा प्रश्नही आहेच. येलदरीच्या वर बुलढाणा जिल्ह्यात याच नदीवर खडकपूर्णा धरण झाले. त्याच्या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात, कारण चोखोबांचे मेहुणाराजा हे गाव त्याच तालुक्यात आहे. ज्या संताला देवळाच्या पायरीशी थांबवले, त्यांच्या नावाने समुद्र झाला, याचा आम्हांला आनंद आहे. पण चोखासागर भरून वाहीपर्यंत येलदरीची वाट पाहणे आपल्या नशिबी आले. जायकवाडीचेही तसेच, वर नाशिक-नगरची धरणे भरली की मग आपल्या डाव्या कालव्याचा विचार. २००५ च्या राज्य कायद्याने खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप करण्याचे तत्त्व मान्य केले आणि त्यासाठी प्राधिकरण नेमले. सिद्धार्थाच्या पाच जणांची ही आजची आवृत्ती म्हणा. तंटे अजून कोर्टात जातात, पण सेनापती युद्धाचा ठराव आणत नाही, एवढी प्रगती आहे.

'शाश्वत जलविद्युत' असा शब्द अलीकडे सरकारी कागदांत येतो. बौद्ध माणसाने शाश्वत हा शब्द जपून वापरावा. सर्व संस्कार अनित्य आहेत आणि धरण हाही संस्कारच, बांधलेली वस्तू. दरवर्षी पुराबरोबर गाळ येतो आणि तळाशी बसतो. वरच्या डोंगरावरची झाडे तुटली, बांधबंदिस्ती झाली नाही, तर गाळ दुप्पट वेगाने येतो. म्हणून आम्ही टिकाऊ हा साधा शब्द पसंत करतो. वस्तू किती टिकेल हे ती राखणाऱ्यावर असते, हे त्या शब्दातच आहे. बुडालेली झाडे-झुडपे पाण्याखाली कुजून मिथेन वायू सोडतात, तेव्हा जलविद्युत सर्वस्वी निर्मळ आहे असेही नाही. हिमालयात तर ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये हिमसरोवर फुटले आणि तिस्ता नदीवरचे चुंगथांगचे धरण वाहून गेले. डोंगर कच्चा असेल तेथे हट्ट धरू नये, हे तेथे फार महागात कळले.

मग मराठवाड्यात नवी जलविद्युत काढायची कोठे? खरे सांगायचे तर मोठी जागा उरलेली नाही. आपला मुलूख सपाट, उंची कमी, पाऊस बेभरवशाचा. आपल्याकडे भरपूर आहे ते ऊन. पण ऊन सायंकाळी मावळते आणि दिवे तेव्हाच लागतात. येथे जुन्या धरणाचे नवे काम सुरू होते. दिवसा जास्तीची वीज असताना खालचे पाणी पंपाने वर चढवायचे आणि रात्री तेच खाली सोडून वीज काढायची. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी बारा मेगावॅटचा असा उलटसुलट चालणारा संच बसवलेला आहे. अकोले तालुक्यात घाटघरला २५० मेगावॅटचे केंद्र याच तत्त्वावर आहे. चढवायला जास्त वीज लागते आणि उतरताना कमी मिळते, तेव्हा यात नफा नाही. वीज साठवून ठेवण्याची ती सोय आहे, कणगीसारखी. दिवसा सौर विजेवर शेतीपंप चालवण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. ती सगळीकडे नीट पोहोचली तर रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन, साप-विंचवातून पाणी द्यायला जाणारा आपला शेतकरी रात्री घरी झोपेल. आम्हांला विचाराल तर जलविद्युतीने पुढच्या काळात उन्हाची सोबतीण व्हावे. दिवसा गप्प राहावे, संध्याकाळी कामाला यावे.

शेवटी एक सूचना. विद्यार्थ्यांची येलदरीला एक सहल काढावी, असे मंडळात बोलणे झाले आहे. परभणी-जिंतूरमार्गे एका दिवसात जाऊन येता येते. विद्युतगृहात आत जायला आगाऊ परवानगी लागते, तिचा अर्ज मंडळ करील. तेथे गेल्यावर नुसते फोटो काढू नका. आज चक्र किती तास फिरले, धरणात जिवंत साठा किती टक्के आहे, गेल्या दहा वर्षांत किती वर्षे संच बंद राहिले, गाळाची मोजणी शेवटची केव्हा झाली, बुडालेली गावे कोणती होती आणि तेथील बिनजमिनीची माणसे कोठे वसली, हे विचारा. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे अधिकाऱ्यांकडे वहीत मिळतील. पाचव्याचे उत्तर बहुधा वहीत नसेल. ते जवळच्या एखाद्या वस्तीवर म्हाताऱ्या माणसापाशी बसून लिहून घ्यावे लागेल. दोन वह्या बरोबर घ्या. जयभीम.